मुक्काम विश्रामगृह

९ जानेवारी

चि. ठकूस अ. उ. आ.

तुझा बिस्किटांचा डबा आणि त्यातलं चार ओळींचं रागावणं, दोन्ही पोचलं. तळाशी जास्त भाजलेली बिस्किटं तू मुद्दाम तुझ्या दादासाठी घातली होतीस ना? त्यांनी तीच आधी वेचून खाल्ली. नणंदेच्या बेकरीत वहिनीला करपलेला माल मिळतो, असं मी आता चारचौघांत सांगणार आहे.

फोन का करत नाही म्हणून रागावलीस. अगं, फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि हे दिवसभर तिथेच बसलेले असतात. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते समोर बसून शांतपणे ऐकत असले की जीभ उचलत नाही. म्हणून पत्र. हे तुझ्यापाशीच ठेव, माझ्या लेकीला एवढ्यात कळवू नकोस.

गेल्या वर्षी तू आलीस तेव्हा ह्यांचा विसराळूपणा तू पाहिलाच होतास. नावं निसटायची, चहा झाला तरी पुन्हा मागायचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगून टाकलं होतं, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना होती. पण मला वाटायचं, आधी जग विसरतील आणि सगळ्यात शेवटी मला. त्या रांगेत मी अगदी मागे उभी आहे अशी माझी समजूत होती.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी हे कपडे करून, केस विंचरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले आणि मला बाई म्हणून हाक मारून विचारलं, की मोजणीच्या पथकाची जीप किती वाजता येणार आहे. मला वाटलं, थट्टा चाललीय. मी म्हटलं, येईल की. त्यांनी आभार मानले, चहा छान झाल्याचं सांगितलं आणि कपबशी स्वतः आणून ठेवली. आभार मानले तेव्हाच मला कळलं, ही थट्टा नाही. इतक्या वर्षांत ह्यांनी चहाबद्दल माझे आभार कधी मानले होते, ते मला आठवेना.

तेव्हापासून हे घर म्हणजे विश्रामगृह आहे, हे इथे मोजणीच्या कामावर आले आहेत आणि मी ते विश्रामगृह सांभाळणारी बाई आहे. यात तसं नवल नाही म्हणा. रस्ते आणि कालव्यांसाठी जमिनी मोजण्यात ह्यांची सगळी नोकरी गेली, महिन्यातले तीन आठवडे मुक्काम अशाच कुठल्यातरी विश्रामगृहात. डोकं परत तिथे गेलं असेल. पाहुणे म्हणून फार गुणी आहेत. सकाळी पांघरुणाची घडी करतात, टॉवेल दांडीवर सरळ वाळत घालतात, जेवण झालं की ताट खोलीच्या दाराबाहेर ठेवतात.

पण ठकू, पाहुणे म्हटल्यावर ते आमच्या खोलीत कसे झोपतील? त्यांनी आपली उशी उचलली आणि पुढच्या लहान खोलीत गेले. जेवणं झाली की आतून कडी. पडलेबिडले तर आत कसं जायचं म्हणून मी ती कडी काढून घेतली, तर आता दाराला खुर्ची टेकवतात. एकदा मी बाहेरून विचारलं, की भीती कसली वाटते. दार किलकिलं करून अगदी हळू आवाजात म्हणाले, की भीती त्यांना नाही, पण एकटी बाई विश्रामगृह चालवते म्हटल्यावर लोक काहीबाही बोलतात. माझं नाव खराब होऊ नये एवढंच त्यांना बघायचं आहे.

डॉक्टर म्हणतात, वाद घालू नका, खोडून काढलं की घाबरतात. म्हणून मी रोज सांगते, जीप उद्या येईल. आणि मोठ्या पलंगावर एकटी आडवी होते तेव्हा मधोमध झोपायचं की आपल्याच कडेला, हे अजून ठरत नाही.

तू गुडघ्यांना जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

&nbsp;

२२ जानेवारी

ति. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र दुकानात उघडलं ही चूक झाली. डोळे पुसले ते पिठाच्या हातांनी, आणि गिऱ्हाइकांना वाटलं काकूंच्या डोळ्यांना काही झालं. मग पावाचा एक घाणा करपला. करपलेला माल दादाच्या हिश्शाचा, तेव्हा तो पाठवून देतेच आहे.

तू रांगेत मागे उभी असल्याचं लिहिलंस ना, ते मी पुन्हा वाचलं. मला वाटतं, तू रांगेत नाहीसच. तो ज्या घरी परत जायला जीप मागतोय, त्या घरात तू आहेस. नाहीतर इतकी घाई कोणासाठी?

आता चिडवू का? तुला तो टेकडीवरचा मुक्काम आठवतो? दादा तिथल्या विश्रामगृहाच्या बाईंच्या हातचं जेवण किती वाखाणायचा. तेव्हा तू माझ्याकडे कणीक मळता मळता अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं होतंस, की त्या बाई वयस्कर आहेत का गं. मी म्हटलं, मला काय ठाऊक. तू पुन्हा काही तो विषय काढला नाहीस. पण कणकेचा गोळा तू त्या दिवशी इतका तिंबलास की त्याचं काही होईना. आता बघ, तूच ती बाई झालीस.

थट्टा पुरे. वहिनी, माझे हे गेल्यावर पहिलं वर्ष मी कसं काढलं ते तुला माहीत आहे. लोक जेवणाची चौकशी करतात, औषधांची करतात. अंगाला कोणाचा हात लागत नाही याची चौकशी कोणी करत नाही. मी तेव्हा न्हाव्याकडे जाऊन उगाच केस कापून घ्यायचे, कोणीतरी डोक्याला हात लावावा म्हणून. तेव्हा तुझ्या पलंगाचं दुःख मला समजावून सांगायची गरज नाही.

एक सुचवते. तो बायकोची वाट बघतोय, तर बायको येऊ दे. पूर्वी तू दोन-तीनदा बसने त्याच्या मुक्कामी गेली होतीसच की. मागच्या दाराने बाहेर पड, हातात पिशवी घे आणि पुढच्या दाराची घंटा वाजव. कदाचित बाहेरून आलीस की ओळखेल. घरातलं माणूस घरात दिसत नाही, असं आपल्या सगळ्यांचंच होतं.

करून बघ आणि कळव. भट्टी सोडून लगेच निघता येत नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे. आहे तो जिव्हाळा असाच असू दे.

तुझी,
ठकू

&nbsp;

६ फेब्रुवारी

चि. ठकूस अ. उ. आ.

तुझं ऐकलं. आता फळ ऐक.

परवा दुपारी मी केस नीट बांधले, ह्यांनी कधीतरी आणलेली निळी शाल घेतली, पिशवीत उगाच दोन टॉवेल कोंबले आणि मागच्या दाराने निघाले. शेजारच्या शिवणवाल्या बाई खिडकीतून बघत होत्या. स्वतःच्या घराला वळसा घालून घंटा वाजवताना माझी छाती अशी धडधडत होती, की मला माझंच हसू आलं.

ह्यांनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि चेहरा इतका उजळला, ठकू, की क्षणभर मी जिंकले. पिशवी हातातून घेतली, आत आणलं, स्वतःची खुर्ची दिली, प्रवासाचा त्रास झाला का विचारलं. मग दाराबाहेर डोकावून आले आणि म्हणाले, की तुम्ही एकट्याच आलात, तुमची मुलगी नाही आली?

मला माझी आई समजले होते.

चूक त्यांची नाही. त्यांच्या मनात मी असेन पंचविशी-तिशीची, आणि आरशात पाहिलं तर मी खरंच आईसारखी दिसते आहे. सासूशी बोलावं तसं सगळं अदबीनं चाललं होतं. मला म्हणाले, की तुम्ही माझ्याकडे येण्यापेक्षा तिच्याकडे जाऊन राहा. ती लहानग्या पोरीला घेऊन एकटी असते, तिला अंधारात जिन्यावरून उतरायला भीती वाटते पण ती कबूल करत नाही. हे त्यांना ठाऊक आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी आयुष्यभर जिन्यात मोठ्याने गुणगुणत उतरत आले आणि मला वाटायचं, कोणाला कळत नाही.

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी बाईंना हाक मारली, आईंसाठी चहा मागितला. आत बाई कुठून असणार? मी हात धुऊन येते म्हणून आत गेले, शाल काढली, चहा केला आणि बाई होऊन बाहेर आणला. तर खुर्ची रिकामी. आई कुठे गेल्या म्हणून कासावीस झाले. मी सांगितलं, त्यांची बस होती. न खातापिता गेल्या याचं त्यांना संध्याकाळपर्यंत वाईट वाटत राहिलं. हे लिहिताना मला हसू येतंय, तेव्हा आलं नाही.

तू कणकेच्या गोळ्याची आठवण काढलीस. ती बाई वयस्कर होती की नव्हती, हे मी ह्यांना कधीच विचारलं नाही. नवरा महिन्याचे तीन आठवडे बाहेर असला की कुठल्याही बायकोच्या मनात जे येतं तेच माझ्या मनात यायचं. ते गिळून मी संसार केला. विचारलं असतं तर हे नाही म्हणाले असते, आणि नाही म्हणण्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न उरलाच असता.

आता मला रोज दिसतंय. परक्या घरात एकट्या बाईबरोबर माझा नवरा कसा वागतो, ते मी डोळ्यांनी पाहते आहे. ताट घेताना हाताला हात लागू देत नाही. मी खोलीत केर काढायला गेले की हे उठून व्हरांड्यात जातात. काल त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं, मी अंगावरच शिवून देते म्हटलं, तर आत जाऊन सदरा बदलून आले आणि मग तो माझ्या हातात दिला. जी गोष्ट जगात कोणत्याच बायकोला बघायला मिळत नाही ती मला बघायला मिळाली. आणि ठकू, ती बघायला मला दाराच्या बाहेरच्या बाजूला उभं राहावं लागलं.

मला त्यांच्याजवळ जावंसं वाटतं. या वयात हे लिहायला लाज वाटायला हवी, पण न्हाव्याची गोष्ट तू लिहिलीस म्हणून लिहिते. मला काही फार नको आहे. पाठीला पाठ लागावी, एवढंच.

तुझ्या मायेवर भिस्त आहे, ती ढळू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

&nbsp;

३ मार्च

ति. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. तुम्ही दोघी एकमेकींना सगळं लिहिता हे मला माहीत आहे, पण गेल्या आठवड्यातलं ती तुला कळवणार नाही, म्हणून मी कळवते.

बुधवारी दुपारी आई औषधं आणायला गेली तेवढ्यात बाबा घराबाहेर पडले. बॅग भरून गेले, त्यात कपडे, कंगवा आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मला शाळेत फोन आला तेव्हा मी दहावीचा पेपर तपासत होते. आम्ही दवाखाने, बागा, जुनं कार्यालय, सगळं पालथं घातलं. शेवटी बस आगारात सापडले. तिथल्या नियंत्रकाने त्यांना आपल्या खोलीत पंख्याखाली बसवून ठेवलं होतं. पायात चप्पल एकच होती, दुसरी कुठे गेली कळलं नाही. रस्ता ओलांडताना एका ट्रकवाल्याने जेमतेम ब्रेक मारला, असं कोणीतरी सांगत होतं.

बाबा नियंत्रकाला पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होते, की घरी जायचं आहे, आजच्या आज जायचं आहे. का, ते सांगेनात. घरी आणलं तर दारातच अडून बसले, या जागी परत यायचं नाही म्हणाले. आईने हात धरला तो त्यांनी झटकला नाही, पण हळूच सोडवून घेतला. तेव्हापासून आई माझ्याशीही बोलत नाही. कामं करते, विचारलं तर हो-नाही म्हणते.

मी एक संस्था बघून आले. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत, दार बंद असतं. आईला सांगितलं तर ती उठून आत गेली.

आणखी एक लिहायचं आहे, तू रागावू नकोस. अलीकडे आई त्यांच्या फार जवळ जवळ करायची. दुपारी ते झोपले की त्यांच्या पलंगाच्या कडेवर जाऊन बसायची, केसांतून हात फिरवायची. मी एकदा पाहिलं आणि तिला म्हटलं, की त्यांना तू कोण हे कळत नाही, मग हे त्यांच्यासाठी एक परकी बाई करते आहे, ते योग्य आहे का. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, जीभ तुटली असती तर बरं. पण प्रश्न खोटा होता असं मला अजून वाटत नाही. मी कुठे चुकले ते तूच सांग.

तू ये. बेकरी आठवडाभर बंद राहिली तर गाव उपाशी मरणार नाही.

तुझा माझ्यावर जीव आहे तो तसाच राहू दे.

तुझी,
भाची

&nbsp;

२६ मार्च

ति. वहिनीस सा. न. वि. वि.

पोचले. भट्टी पेटली, शेजारणीने मांजरांना इतकं खाऊ घातलंय की ती मला ओळख दाखवत नाहीत.

तुझ्याकडे राहिले त्या आठवड्यात आपण दोघी भांडी घासत होतो, कपड्यांच्या घड्या करत होतो, आणि जे बोलायचं ते सोडून सगळं बोललो. दादाने मला पाहताच ठकू म्हणून हाक मारली तेव्हा तू पाण्याचा तांब्या ठेवलास आणि आत निघून गेलीस. मी काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. त्याला लहानपणापासूनची माणसं आठवतात, नंतरची गळतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. फक्त तुझ्या आधी मी त्या घरात जन्मले होते. तरी तुझ्यासमोर ती हाक मला चोरीच्या मालासारखी वाटली.

आता जे तोंडावर सांगता आलं नाही ते. शुक्रवारी तू बाजारात गेलीस तेव्हा दादाने मला व्हरांड्यात बोलावलं. इकडे तिकडे पाहिलं, आवाज उतरवला. म्हणाला, ठकू, तुला एक सांगतो पण घरी बोलू नकोस. मला इथून बदली हवी आहे, अर्ज करून देशील का. मी विचारलं, का, इथे काय वाईट आहे, बाई नीट बघत नाहीत का. तर म्हणाला, की बाई फार चांगल्या आहेत, हीच पंचाईत आहे. त्या खोलीत आल्या की बरं वाटतं. त्या दिसल्या नाहीत की तो कान लावून बसतो. परवा त्या केसांतून हात फिरवत होत्या तेव्हा तो जागा होता आणि त्याने झोपेचं सोंग घेतलं, कारण त्यांनी थांबू नये असं त्याला वाटलं. आणि मग त्याला स्वतःची शरम वाटली. म्हणाला, ठकू, माझी बायको घरी पोरीला घेऊन माझ्या भरवशावर बसली आहे. माझं मन इथे गुंतायला लागलंय. जीप येत नाही, म्हणून मी बसने निघालो होतो, पण लोकांनी परत आणलं.

असं म्हणून रडला, वहिनी. लहानपणी पाय मोडला होता तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

मी त्याला काय सांगणार? तुझी बायको समजूतदार आहे म्हटलं. तर म्हणाला, तेच तर.

हे तुला कळवावं की नाही यावर मी चार दिवस घालवले. न कळवावं तर तू समजत राहशील की तो तुझ्यापासून पळाला. तो तुझ्याकडेच निघाला होता. तुझ्यापासूनही पळाला, हेही खरं आहे. दोन्ही कसं सांगावं, मला सुचत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिलं.

भाचीवर रागावू नकोस. तिने विचारलं ते दादाच्याच मनात होतं.

लोभ आहेच, त्यात खंड नको.

तुझी,
ठकू

&nbsp;

१४ एप्रिल

चि. ठकूस अ. उ. आ.

तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग उठून भात लावला, कारण जेवणाची वेळ झाली होती.

आधी मला आनंद झाला. तो लपवत नाही. साठी उलटलेल्या बाईवर कोणी नव्याने जीव लावतं का? लावला. तोही अशा माणसाने, ज्याला मी कोण हे ठाऊक नाही, माझ्याबद्दल काही कर्तव्य नाही, सवय नाही. दोन दिवस मी घरात हवेत असल्यासारखी वावरले. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या खोलीपाशी गेले, तर हे खुर्चीत बसून दाराकडे पाहत होते. मी आत पाऊल टाकलं आणि त्यांनी मान खाली घातली. गुन्हा करताना पकडल्यासारखी. तेव्हा मला उमजलं की माझ्या आनंदाची किंमत कोण भरतंय.

मी त्यांना माझ्यासाठी, माझ्याशीच प्रतारणा करायला लावत होते. त्यांच्या दृष्टीने ते खरंच पाप होतं, ठकू. मी मनात कितीही म्हटलं की मी बायकोच आहे, तरी रडत होते ते. लेकीला मी जवळ बोलावून सांगितलं, की तू विचारलंस ते बरोबर होतं. ती रडली, मी नाही. संस्थेचं तिने आपण होऊन मागे घेतलं.

आता व्यवस्था अशी केली आहे. एक मदतनीस ठेवला आहे, धिप्पाड, अबोल, पूर्वी दवाखान्यात होता. हे त्याला पथकातला शिपाई समजतात. अंघोळ, कपडे, दाढी तो बघतो. मी खोलीत जाते ती दार सताड उघडं ठेवून. बसते ती टेबलाच्या पलीकडे. केसांना हात लावत नाही. आणि रोज चहाच्या वेळी मीच त्यांच्या बायकोचा विषय काढते. ती कशी आहे, काय करते, विचारते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांचे खांदे असे सैल झाले, जणू कोणी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतलं.

ते भरभरून सांगतात. ती रागावली की कपाटं आवरते. ती मुलीला शिकवताना स्वतःच गणित चुकते आणि मग मुलीलाच दटावते. मुक्कामाहून परतल्यावर पहिले दोन दिवस ती त्यांच्याशी जरा अंतर ठेवून वागते, पाहुणा असल्यासारखी, आणि तिसऱ्या दिवशी एकदम आपली होते. ते दोन दिवस ते वाट बघत काढतात. हे मला ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी आपली समजत होते की परत आल्यावर ह्यांचंच मन घरात लागत नाही.

कधी कधी मला त्या बाईचा मत्सर वाटतो. तिला काही करावं लागत नाही, नुसतं घरी बसायचं. पण तिची बाजू राखायला आता माझ्याशिवाय आणि ह्यांच्याशिवाय कोणी नाही. म्हणून आम्ही दोघं मिळून ती राखतो.

बॅग भरणं थांबलं आहे. खुर्ची दाराला लावतात, पण झोप लागते.

तुझ्या सांगण्याचं मला वाईट वाटलं नाही. न सांगतीस तर वाटलं असतं. आठवणीत असू दे.

तुझी,
वहिनी

&nbsp;

१८ सप्टेंबर

ति. वहिनीस सा. न. वि. वि.

जूनपासून तुझी दोन पत्रं, तीही पावसाळी छत्रीसारखी, उघडली तोच मिटली. तब्येत बरी, हवा बरी, शिपाई बरा. असं पत्र मला लाकूडवालाही पाठवतो.

मनगट मोडून मी इथे बसून आहे. पडले ती माझ्याच गोण्यांवर, त्यामुळे कोणाला बोल लावायची सोय नाही. पोरी दुकान बघतात आणि मला कळतं की माझ्याशिवाय पाव बरा फुगतो. तेव्हा रिकामपण भरपूर आहे आणि मनात सारखं तुमचंच येतं. भाचीने लिहिलं, की दादा आता फार बोलत नाही. हे किती खरं? जे असेल ते लिही. मला वाईट वाटेल म्हणून वगळू नकोस, वाईट वाटून घ्यायलाच मी इथे बसले आहे.

लोभ वाढला नाही तरी चालेल, घटू देऊ नकोस.

तुझी,
ठकू (डाव्या हाताने)

&nbsp;

३० नोव्हेंबर

चि. ठकूस अ. उ. आ.

तुझं डाव्या हाताचं पत्र उजव्या हातापेक्षा वाचायला सोपं होतं. मनगट जुळलं असेल. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते आत्ता आत्तापर्यंत ठरत नव्हतं.

भाचीने लिहिलं ते खरं. उन्हाळा संपता संपता शब्द कमी होत गेले. आधी जीप गेली. ती कधी येणार हे विचारणं एके दिवशी थांबलं, आणि मला ते चार-सहा दिवसांनी जाणवलं. मग विश्रामगृह गेलं. मी बाईही राहिले नाही. मला बघून नुसते हसतात. चहाच्या वेळी मी त्यांच्या बायकोचा विषय काढायचे तो काढत राहिले. पूर्वी ते सांगायचे, मी ऐकायची. मग उलटं झालं. ती रागावली की कपाटं आवरते ना, असं मी म्हणायची आणि ते ऐकून घ्यायचे. कोणाची तरी गोष्ट ऐकावी तसे. एकदा मला वाटलं, हे सभ्यपणे ऐकताहेत, त्यांना कंटाळा येतोय. तेव्हापासून मी बंद केलं.

गेल्या मंगळवारची गोष्ट सांगते. मदतनीस दुपारचा घरी गेला होता. थंडी पडली होती. ह्यांच्या खोलीत ऊन येतं म्हणून मी तिथे खुर्चीवर कपडे घेऊन घड्या करत बसले होते, दार उघडंच. हे पलंगावर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होते. मग भिंतीच्या बाजूला सरकले. पांघरुणाचं टोक उचललं आणि धरून ठेवलं.

मी लगेच उठले नाही. एप्रिलात जे ठरवलं ते मी विसरले नव्हते. मी त्यांना विचारलं, की घरी कोणी वाट बघत असेल ना. हे विचारात पडले. खरोखर शोधत होते, ठकू, डोळे इकडे तिकडे फिरत होते, हरवलेली किल्ली शोधावी तसे. मग सावकाश म्हणाले, नाही, कोणी नाही. त्यात दुःख नव्हतं. हात अजून पांघरूण धरूनच होता.

कोणी नाही. जिच्यासाठी त्यांनी दाराला खुर्ची लावली, जिच्यासाठी ते एका चपलेवर आगारापर्यंत गेले, ती त्या घरातून गेली होती आणि आम्हाला कोणाला कळलंही नव्हतं. मी खोलीच्या मधोमध उभी राहून तिच्यासाठी रडले. दुसरं कोण रडणार होतं? तिला ओळखणारी मीच उरले. आता माझ्या वाटेत कोणी नव्हतं, आणि ती असती तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

मी रडते आहे हे पाहून त्यांनी पांघरूण अजून थोडं वर उचललं. मग मी गेले.

पाठीला पाठ लागावी एवढंच हवं होतं, असं मी तुला लिहिलं होतं. पण हे माझ्याकडे तोंड करून होते. माझे हात गार होते ते त्यांनी आपल्या छातीपाशी घेतले आणि दाबून धरले. चेहऱ्यावर शरम नव्हती, भीती नव्हती. कोण आहेस, असं विचारलं नाही. मी कोण हे सांगावंसं मलाही वाटलं नाही. थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला. मी जागी राहिले, कारण मला ते झोपेत घालवायचं नव्हतं.

शाळा सुटल्यावर लेक आली. तिच्या पावलांचा आवाज मी ओळखला, आणि उठावं असं मनात आलं, पण हात त्यांच्या हातात होते. ती दाराशी थांबली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती आत आली, खुर्चीवरचे राहिलेले कपडे उचलले, खाली बसली आणि एकेक घडी घालत राहिली. तिचं आवरलं तेव्हा ऊन सरकून पलंगाच्या पायाशी गेलं होतं. जाताना तिने दार ओढून घेतलं.

आता रोज दुपारी तसंच चालतं. कधी ते सरकतात, कधी नाही. नाही सरकले तर मी खुर्चीत बसते. डॉक्टर म्हणतात, हिवाळा निभेल, पुढचं त्यांना सांगता येत नाही.

मनगट धड झालं की तू ये. एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे उंबऱ्यात पाय अडखळणार नाही. या वेळी ते तुला हाक मारणार नाहीत. तरी ये. हाक मारायला मी आहे.

तुझी,
वहिनी